चौदाव्या मजल्यावरचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही. म्हणजे घालायला कुणाची हरकत नाही, पण ते लागू होत नाही, असं घाडीगावकरांच्या घराण्यात पहिल्यापासून मानतात. घरातल्या देवांपुढे नारळ ठेवायचा, कर्त्या पुरुषाने खड्या आवाजात देवाला काय काय हवं ते सांगायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्या मंडळींनी एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हा होकार म्हणजे अर्जावरचा शिक्का. निदान पाच तोंडांचा होकार हवा, असं गुणाजी घाडीगावकरांचे वडील सांगत. चार का चालत नाहीत, हे वडिलांना विचारायची त्या काळी पद्धत नव्हती.

कुर्ल्याच्या चाळीत होते तोवर गुणाजींना ही तोंडं शोधावी लागली नाहीत. देवदिवाळीच्या संध्याकाळी त्यांनी नुसता घसा खाकरला की गॅलरीभर माणसं उभी राहत. ज्यांना मालवणीतलं अक्षर कळत नसे तीही व्हय म्हाराजा म्हणून खोबरं खाऊन जात. पुढे चाळ पडली. मुलाने, सिद्धेशने, नाहूरला टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, त्यात आईवडिलांना ठेवलं आणि स्वतः बायकोला घेऊन कॅनडाला गेला. सुनेला दिवस राहिल्यावर गुणाजींची बायको सुगंधाही गेली. "बाळंतपण आटपला काय येतंय," असं ती विमानतळावर म्हणाली होती. बाळंतपण आटपलं, नात झाली, निधी नाव ठेवलं. मग लसी आल्या, मग सर्दी आली, मग दात आले. निधीचं एकेक काही येत राहिलं आणि सुगंधाचं येणं तेवढं लांबत गेलं. तिच्या व्हिसाची मुदतसुद्धा वाढवून झाली.

गुणाजींना करमत नव्हतं. हे असं दोन शब्दांत सांगता येतं, पण गुणाजींना ते सांगता येत नव्हतं. स्वयंपाकघरात पेज ढवळताना बाहेरच्या खोलीतला टीव्ही ते मुद्दाम मोठ्याने लावत, घरात कुणीतरी भांडत असलं की बरं वाटे. फोनवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली शुभेच्छा येत, त्या पाठवणाऱ्या प्रत्येकाला ते वेगवेगळं उत्तर देत, आणि त्या उत्तरांना कुणी उत्तर देत नसे. रात्री सुगंधाचा व्हिडिओ कॉल येई. "कसे आसात?" ती विचारी. "झकास!" गुणाजी सांगत. जाताना सगळ्या नातेवाइकांसमोर "माझी काळजी नको, मी काय कुकुला बाळ नाय" असं ते गरजले होते. आता त्याच तोंडाने ये म्हणणं म्हणजे टपाल खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

देवदिवाळी जवळ आली तेव्हा गुणाजींच्या डोक्यात एक डाव शिजला. गाऱ्हाण्यात मागितलेलं हे देवाकडे मागितलेलं असतं, बायकोकडे नव्हे. त्यात कमीपणा कसला? सुगंधाला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं, इकडचं तिकडचं मागत मागत मध्येच "सुगंधाक लवकर घरा हाड", म्हणजे घरी आण, असं घुसवायचं, आणि सवयीप्रमाणे ती व्हय म्हाराजा म्हणाली की संपलं. देवासमोर दिलेला होकार ती मोडणार नाही. इतकी वर्षं संसार केला, तिची एवढी नस त्यांना ठाऊक होती. राहता राहिली उरलेली चार तोंडं.

चुलतभाऊ धोंडिराम कुर्ल्यालाच राहत होता. त्याला, त्याच्या बायकोला, मालनला, आणि आणखी दोघांना गुणाजींनी तीन आठवडे आधीच एका रविवारी तालमीला बोलावलं. चौघं टॉवरच्या फाटकाशी आली. आता या फाटकाचं असं होतं की पाहुणा आला की वॉचमन अ‍ॅपमध्ये त्याचा फोटो काढणार, तो फोटो फ्लॅटच्या मालकाला जाणार आणि मालकाने फोनवर बोट लावलं की दांडा वर होणार. फ्लॅट सिद्धेशच्या नावावर. सिद्धेश कॅनडात गाढ झोपलेला. धोंडिरामचा फोटो समुद्र ओलांडून गेला आणि उशीखाली पडून राहिला.

गुणाजी गॅलरीतून पाहत होते. चौदाव्या मजल्यावरून धोंडिरामचं टक्कल तेवढं ओळखू येत होतं. त्यांनी हाका मारल्या, टॉवेल हलवला. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईने उलट टॉवेल हलवला. मग ते लिफ्टने खाली पोचेपर्यंत चौघं रिक्षा करून गेलीसुद्धा होती. संध्याकाळी धोंडिरामचा फोन आला.

"गुणाजी, तुझ्या घराक येवक कॅनडाची परवानगी लागता, ह्या आधी सांगूचा होतास. आमी पासपोर्ट काढलो असतो."

"अरे धोंडू, ऐक तरी..."

"मालन नवी साडी नेसान इलेली. त्या वॉचमनान तिचो फोटो काढल्यान. नवऱ्यान अजून काढूक नाय." धोंडिरामने फोन ठेवला तो ठेवलाच.

समोरच्या फ्लॅटमधल्या हेन्रीला हे कळलं. हेन्री मूळचा जुन्या गावठाणातला, घर बिल्डरला देऊन टॉवरात आलेला. त्याला चालवता येत नाही असं यंत्र अजून निघायचं होतं, आणि त्याने हात लावल्यावर पहिल्यासारखं चाललंय असं यंत्रही. संपूर्ण टॉवरमध्ये गुणाजींच्या दाराची बेल वाजवणारा तो एकटाच माणूस, तेव्हा त्याचा सल्ला न घेऊन सांगतात कुणाला?

"अरे, माणसं बोलावतोस कशाला? सगळ्यांना कॉलवर घे ना," हेन्री म्हणाला. "आमच्या मामीचा दफनविधी मी गोव्याचा इथे बसून बघितला. झकास दिसला."

म्हणून व्हिडिओवर तालीम झाली. कणकवलीची बहीण, तिचा मुलगा आणि कॅनडातून सुगंधा अशी तीन चौकटींत तीन तोंडं दिसू लागली. गुणाजी हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! आज जो ह्यो नारळ तुझ्याम्होरे ठेवललो आसा, तो गोड मानून घे!"

गुणाजी फोनजवळ वाकले.

"आवाज येता काय?" गुणाजींनी विचारलं.

"व्हय म्हाराजा!" बहीण कणकवलीहून म्हणाली.

"अगो, तसा नाय. नारळाक व्हय म्हणूचा."

"व्हय म्हाराजा!" हा भाचा.

"गाढवा, आता नको!"

"व्हय म्हाराजा!" बहिणीला मघाची सूचना आत्ता पोचली होती.

सुगंधाचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज नव्हता. हेन्रीने बराच वेळ अभ्यास करून निदान केलं की एकदम अनेक माणसं बोलली की कॉलवर तो गोंगाट समजून गाळला जातो. म्हणजे शेकडो वर्षं देवाने जे आवडीने ऐकलं ते फोनला चाळणीतून घालवायची वस्तू वाटत होती. बरं, सुगंधाचाच होकार ऐकू येणार नसेल तर हा सगळा खटाटोप करायचा कुणासाठी? गुणाजींनी त्या रात्री जेवण केलं नाही, दूध पिऊन झोपले.

पण हेन्री हार मानणारा नव्हता. सिद्धेशने मागे एक बोलका स्पीकर पाठवला होता. नाव घेऊन हाक मारली की गाणी लावणारा, पाऊस पडेल का सांगणारा. सुगंधाने त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं आणि त्यानंतर तो कधी बोलला नव्हता. "ह्याला आपल्याला हवं ते नाव ठेवता येतं," हेन्री म्हणाला. "ह्याचं नाव ठेवू म्हाराजा. तू म्हाराजा म्हटलंस की हा बोलणार, व्हय म्हाराजा. पाच तोंडं तर पाच, पंचवीस तर पंचवीस."

पंचवीस तोंडं हेन्रीच्या घरातच होती. त्याची बायको ज्युलिया चर्चची क्वायर शिकवते. तिने आधी फादरना विचारून घेतलं. फादर म्हणाले, कुणाचं भलंच मागताहेत ना, मग गा. मग रविवारच्या सरावानंतर क्वायरने चार आवाजांत, खालून वर चढत जाणारं 'व्हय म्हाराजा' गायलं आणि हेन्रीने ते त्या स्पीकरच्या डब्यात भरलं. मागे ऑर्गन होता. शेवटी एका म्हाताऱ्याने सवयीने आमेन म्हटलं होतं, ते हेन्रीने कापून टाकलं.

दुपारी चाचणी झाली. गुणाजींनी डोळे मिटून म्हटलं, "बा देवा म्हाराजा!" आणि कपाटावरून पंचवीस माणसांचा भरदार होकार आला. घरात इतके आवाज त्यांनी किती दिवसांत ऐकले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

तेवढ्यात डब्याने पुन्हा व्हय म्हाराजा म्हटलं. कुणी काही मागितलं नव्हतं. मग पुन्हा म्हटलं. डब्याचं नाव म्हाराजा, आणि डब्याचं उत्तरही म्हाराजानेच संपणारं. म्हणजे आपलंच उत्तर ऐकून त्याला वाटत होतं की आपल्यालाच हाक मारताहेत. तो स्वतःला हाक मारी, स्वतःला होकार देई आणि त्या होकाराला पुन्हा होकार देई. आजकाल पुष्कळ माणसांचं असंच चाललेलं असतं, पण त्यांच्यामागे ऑर्गन नसतो.

"बंद कर त्याला!" गुणाजी ओरडले.

"करतोय ना रे बाबा! ऐकतोय कुठे!" हेन्रीने वायर उपटली. डब्याच्या पोटात बॅटरी होती. हेन्रीने त्याला उशीखाली दाबलं, मग गादीखाली, शेवटी दोघांनी मिळून तांदळाच्या पिंपात पुरलं. तांदळातूनही क्वायर ऐकू येत होती, जरा लांबून आल्यासारखी. बॅटरी संपेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी तो आवाज टिपून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. तिथे हसून लोळणारी पिवळी तोंडं आली, जोडलेले हात आले, कुणी विचारलं की हा कोणत्या सिनेमातला आहे. गुणाजी पलंगावर बसून एकेक तोंड मोजत होते. एवढ्या सगळ्यांनी ऐकलं, आणि काय झालं म्हणून विचारायला एकही माणूस दारात आला नाही, हे त्यांना फार लागलं.

एक आला, पण तो नोटीस घेऊन. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि बँक अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती.

"घाडीगावकर, आपण कार्यक्रमाची पूर्वपरवानगी घेतली होती का?"

"कार्यक्रम नव्हता साहेब, डबा होता."

"डब्याचा का असेना, कार्यक्रम तो कार्यक्रम. अ‍ॅपवर अर्ज करा. एकदा मंजूर झाला की फाटकावर पाहुण्यांनाही अडवणार नाहीत."

हे शेवटचं वाक्य ऐकून गुणाजींचे कान टवकारले. डब्याचा नाद सोडून ज्युलियाने तोवर दुसरा मार्ग काढला होता: ती, हेन्री आणि क्वायरमधली दोन माणसं अशी चार जिवंत तोंडं ती देणार होती. पाचवं तोंड सुगंधाचं, आणि बाकीच्यांनी जरा थांबून तिला आधी म्हणू द्यायचं, म्हणजे फोन तिला गाळणार नाही. फक्त क्वायरच्या दोघांना फाटकातून आत आणायचं होतं, तेही कॅनडाला न उठवता.

देवदिवाळीच्या दिवशी दुपारी गुणाजी आणि हेन्री अर्ज भरायला बसले. अ‍ॅपमध्ये कार्यक्रमाचे प्रकार दिले होते. वाढदिवसाला अनामत रक्कम आणि आठ दिवसांची मुदत. लग्नाला गच्चीचं भाडं. योग फक्त सकाळी. गाऱ्हाणं कुठेच नव्हतं, आणि 'इतर' असं लिहायला जागा ठेवण्याइतका त्या अ‍ॅपचा माणसांवर विश्वास नव्हता. सगळ्यात खाली शोकसभा होती. तिला पैसे नाहीत, मुदत नाही, परवानगी ताबडतोब.

"शोकसभा टाक," हेन्री म्हणाला.

"अरे, सणाच्या दिवशी?"

"नाव आहे रे नुसतं. आत काय चाललंय ते बघायला इथे कोण येतंय?"

हे मात्र खरं होतं. गुणाजींनी शोकसभेवर बोट ठेवलं. परवानगी क्षणात आली. मग गाऱ्हाण्यात मध्येच कुणाचा फोन नको म्हणून हेन्रीने गुणाजींच्या फोनमध्ये असं काहीतरी केलं की बाहेरची एकही रिंग आत येऊ नये. हे एक काम मात्र त्याला पहिल्या फटक्यात नीट जमलं.

शोकसभा मंजूर झाली की अ‍ॅप आपण होऊन सगळ्या फ्लॅटांना आणि सगळ्या मालकांना कळवतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी गुणाजींनी देवांपुढे नारळ मांडला, समई लावली, नवं धोतर नेसलं. तोच बेल वाजली. दारात पांढऱ्या साडीतल्या एक बाई आणि पांढऱ्या सदऱ्यातले त्यांचे यजमान उभे होते. गुणाजींनी दोघांना लिफ्टमध्ये पाहिलं होतं, नावं ठाऊक नव्हती.

"फार वाईट झालं," यजमान हळू आवाजात म्हणाले आणि चपला काढून आत येऊन बसले.

पुन्हा बेल वाजली. पुन्हा वाजली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं येत गेली, सतरंजीवर, सोफ्यावर, पलंगावर बसत गेली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दाटी झाली. गुणाजी गोंधळून पाणी देत फिरत होते.

"कसं झालं हो?" एका आजोबांनी पेला घेत विचारलं.

"काय?"

"म्हणजे... गेले कसे?"

"कोण?"

"जे गेले ते," आजोबा म्हणाले. मग शेजारच्याकडे वळून पुटपुटले, "बिचाऱ्याला धक्का बसलाय."

आता गुणाजींच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी तेव्हाच हात जोडून खरं सांगून टाकायला हवं होतं. पण त्यांनी खोलीकडे पाहिलं. हे घर घेतल्यापासून त्यात इतकी माणसं कधी आली नव्हती. सोफ्याच्या कोपऱ्यावरसुद्धा कुणीतरी टेकलं होतं. पाच मिनिटांनी सांगू, असं त्यांनी ठरवलं, आणि पाण्याचा आणखी एक तांब्या भरला.

शरच्चंद्र सोसायटीच्या खर्चाने हार घेऊन आले. तो कशाला घालायचा म्हणून त्यांनी सगळ्या भिंतींवर फोटो शोधला. फोटो न मिळाल्याने हार हातातच धरून ते उभे राहिले आणि बोलू लागले. "या सदनिकेतल्या आपल्या दिवंगत सदस्यांशी माझा फारसा परिचय नव्हता. पण मेंटेनन्स कधी थकला नाही. स्वभावाने शांत असावेत. कधी कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत, कुणाकडे जाणं नाही, कुणाचं येणं नाही." माना हलल्या. गुणाजी तांब्या धरून ऐकत होते. सगळं बरोबर होतं, त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

एवढ्यात ज्युलिया आणि हेन्री क्वायरच्या दोघांना घेऊन रंगीत कपड्यांत हसत हसत आत शिरले. सगळ्या खोलीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "काय गर्दी जमवलीस रे!" म्हणत हेन्रीने थेट आतल्या खोलीतून गुणाजींचा फोन आणला आणि ठरल्याप्रमाणे सुगंधाला कॉल लावला. न घेतलेल्या कॉलची रांगच्या रांग पडद्यावर होती, ती बघायची त्याला उसंत नव्हती.

तिकडे नुकतंच उजाडलं होतं. पडद्यावर सुगंधा आली. केस सुटलेले, डोळे सुजलेले, खांद्यावर निधी. मागे सिद्धेश लॅपटॉपवर तिकिटं शोधत होता. तिला पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसली, शरच्चंद्रांच्या हातातला हार दिसला, आणि मग मधोमध तांब्या घेऊन उभे असलेले गुणाजी दिसले.

"अवो!" ती एवढ्या जोरात ओरडली की निधी दचकून रडायला लागली. "तुमी जित्ते आसात?"

"मी? मी झकास आसंय," गुणाजी म्हणाले.

यानंतर खोलीत जे झालं त्याचं वर्णन सोसायटीच्या कार्यवृत्तात आलेलं नाही. शरच्चंद्रांनी नियमांचे तीन-चार आकडे म्हणून दाखवले आणि हार कुठे ठेवावा ते न कळून तो हेन्रीच्या हातात दिला. गुणाजींनी सगळ्यांसमोर हात जोडले, शोकसभा कशी आली ते सांगितलं आणि गाऱ्हाणं म्हणजे काय तेही सांगितलं. दोघंतिघं रागाने उठलीही. तेव्हा ज्युलिया मध्ये उभी राहिली.

"बसा ना. आलाच आहात तर खोबरं घेऊन जा. काही कठीण नाही. हे थांबले की आपण म्हणायचं व्हय म्हाराजा. मी हात वर केला की सगळ्यांनी."

उठलेली माणसं बसली. घरी जायची कुणाला फार घाई असावी असंही दिसलं नाही.

गुणाजींनी घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा! आज देवदिवाळीचो ह्यो नारळ ठेवललो आसा, तो गोड मानून घे. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल!"

ज्युलियाचा हात वर गेला. "व्हय म्हाराजा!" पांढऱ्या कपड्यांतली खोली गरजली.

"ह्या इमारतीतल्या सगळ्यांक सुखी ठेव! त्यांची पोरा-टोरा जय आसत थय त्यांची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला आवाज आणखी चढला. मघाच्या आजोबांनी म्हणताना डोळे मिटले होते.

आता ते वाक्य आलं. महिनाभर गुणाजींनी ते आंघोळ करताना, भात लावताना घोकलं होतं. त्यांनी फोनकडे पाहिलं. सुगंधाने हात जोडले होते, निधीने तिचा कान मुठीत धरला होता. पहाटेपासून रडून तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. अशा बाईला देवाच्या नावाने फसवून आणायचं? त्यांना लाज वाटली. वाक्य जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं.

"आणि म्हाराजा," ते म्हणाले, "जा माणूस लांब आसा, तेका थय सुखात ठेव. तेच्या जिवाक हयचो घोर नको. हय सगळा झकास आसा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

फोनमधून काही आलं नाही. फोनने पुन्हा गाळलं असेल, असं समजून गुणाजी नारळाला हात लावणार, तोच सुगंधाचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"थांबा."

घाडीगावकरांच्या घराण्यात बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिने निधीला सिद्धेशकडे दिलं आणि पदर खोचला.

"बा देवा म्हाराजा! आज पहाटे माझ्या झिलाच्या, सिद्धेशच्या फोनात ह्या घरातली शोकसभा इली. घरात माणूस एकच. ह्ये जित्ते दिसापर्यंत मी विधवा म्हणान बसलंय. त्या वेळात माका दुसरा काय आठवला नाय रे. एकच आठवत रवला, काय ह्या माणसान माका एकदाय 'ये' म्हणूक नाय. रोज इचारतंय, रोज झकास. माका वाटला, माझ्याशिवाय ह्येंचा खरोखर बरा चलला हा. माका हय करमणा नाय, म्हाराजा. नात माझो जीव, पण सांजेक दिवो लावतंय आणि माझो जीव घराकडे धावता. ह्येंका जर मी होई आसंय तर मी येतंय. नको आसंय तर हयच रवतंय. काय ता तू ह्येंच्या तोंडान सांग!"

ती थांबली. सरावलेल्या खोलीने श्वास भरून तोंड उघडलं. ज्युलियाने झटकन दोन्ही हात आडवे केले आणि सगळ्यांना तिथेच अडवलं. शरच्चंद्रसुद्धा उघडं तोंड मिटून गप्प झाले. खोलीभर माणसं गुणाजींकडे पाहत होती. गुणाजींनी घसा खाकरला. मग त्यांनी हात जोडले.

"व्हय म्हाराजा," ते एकटेच म्हणाले.